फुगा घट्ट होईपर्यंत

होडी एकटीच परत आली. आत बारक्याची चप्पल होती, पाण्याची बाटली होती, न उघडलेला जेवणाचा डबा होता. फक्त बारक्या नव्हता.

धक्क्यावर कपडे पिळणाऱ्या थोरलीने ते पाहिलं. तिचा धाकटा दीर सकाळच्या ओहोटीला खाडीच्या मधोमध, वाळूच्या पट्ट्यावर जाळ्याचे खुंट ठोकायला गेला होता. होडीची गाठ नीट मारायचा त्याला जन्माचा कंटाळा. आता भरती लागली होती. थोड्या वेळात तो पट्टा पाण्याखाली जाणार, आणि त्या ओढीत चांगले पोहणारेही वाहून जातात, हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. तिने पिळा तसाच टाकला आणि घराकडे धावली.

"अगं ए, बाहेर ये! होडी सुटून आलीय, बारक्या पट्ट्यावर अडकलाय!"

धाकटी जाऊ, म्हणजे बारक्याची बायको, हातातलं काम टाकून आली. तिने पाण्याकडे पाहिलं. भरतीच्या ओढीविरुद्ध वल्ही मारत जाणं दोघी बायकांच्या आवाक्यातलं नव्हतं. वस्तीतल्या साऱ्या मोटारबोटी पहाटेच गेलेल्या. थोरलीचा नवरा मासळी घेऊन बाजारात, आणि त्याचा फोन नेहमीसारखा खिशात नुसता वाजत असणार. घरची इंजिनाची बोट तेवढी धक्क्याला होती, पण तिची पेट्रोलची नळी चिरली म्हणून नवऱ्याने कापून फेकून दिली होती. नवी नळी, दाबून पेट्रोल इंजिनाकडे चढवायचा रबरी फुगा आणि क्लिपा पिशवीतच पडून होत्या. आज लावतो, उद्या लावतो, असं त्याचं चाललं होतं.

"मी जोडते," धाकटी म्हणाली. "कढत पाणी आणा, ताई. आणि स्क्रू-ड्रायव्हर."

धाकटी गॅरेजवाल्याची मुलगी. थोरलीने तिला या घरात त्यावरून कमी टोमणे मारले नव्हते. "हिला पोळीपेक्षा पाना बरा गोल फिरवता येतो." आज मात्र ती निमूटपणे पाणी घेऊन आली.

खरं सांगायचं तर थोरलीला ही मुलगी सलत होती. थोरली स्वतः लग्न होऊन आली तेव्हा बारक्या आईविना वाढणारं, नाक वाहणारं पोर होतं. त्याला तिने भरवलं, धोपटलं, मोठं केलं. मग एक दिवस ही आली आणि तो हिच्याकडे बघून हसायला लागला. त्यात ही बया सगळं उघडं टाकणारी. पिठाचा डबा उघडा, तेलाची बाटली उघडी, कपाट उघडं. थोरलीने तिच्यामागून फिरून झाकायचं. तोंडाने एक शब्द बोलायचा नाही, पण झाकण असं आपटायचं की बोलायची गरजच राहू नये.

धाकटीने फुग्यात तोंडाने फुंकून पाहिलं. "हवा एकाच बाजूने जाते. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा, उलटा बसला तर थेंब चढायचा नाही." नळीचं टोक कढत पाण्यात बुडवून मऊ केलं, पिळत पिळत तोटीवर चढवलं, क्लिप आवळली. तिचे हात कुठेच चुकत नव्हते. तिने पेट्रोलची टाकी बोटीत ठेवली, झाकणाशी काहीतरी केलं आणि इंजिनाकडची जोडणी करायला वळली. थोरलीने टाकी सरळ केली आणि बोट ढकलली.

"फुगा दाबा! घट्ट होईपर्यंत दाबत राहा!"

फुगा आधी लिबलिबीत होता. दाबता दाबता तो भरला, कडक झाला. धाकटीने दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि इंजिन खोकलं, मग धडधडायला लागलं. थोरलीने हात जोडले. कुणाला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

अर्ध्या वाटेवर तो दिसला. वाळू दिसेनाशी झाली होती. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं होतं आणि तो एका खुंटाला मिठी मारून उभा होता.

आणि इंजिन आचके देत बंद पडलं.

ओढीने बोट लगेच मागे सरकू लागली. धाकटीने दोरी ओढली, पुन्हा ओढली. काही नाही. "जोडात हवा शिरली. माझंच चुकलं, क्लिप नीट बसली नाही," ती रडत म्हणाली आणि तिने बोटीत पडलेला चाकू उचलला. "नळी काढून टोक कापते, परत बसवते."

थोरलीची नजर फुग्यावर गेली. घट्ट असायला हवा होता, तो चपटा होऊन आत ओढला गेला होता. कुणीतरी त्याचा श्वास कोंडल्यासारखा. तिथून तिची नजर टाकीच्या झाकणावर गेली, झाकणावरच्या छोट्या स्क्रूवर. टाकी सरळ करताना तो सैल दिसला होता. तिने तो आवळला होता. नेहमीसारखा, मनातल्या मनात बडबडत.

गुपचूप उघडता आला असता. पण धाकटीचा चाकू नळीला टेकला होता.

"थांब! कापू नको! तुझं काही चुकलेलं नाही. तो स्क्रू मी बंद केला."

धाकटीने चाकू खाली टाकला. "ताई, हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर कसं येणार?"

"मला काय माहीत! तू उघडं टाकलंस असं वाटलं मला!"

धाकटीने स्क्रू फिरवला. सुस्स करून टाकीने हवा ओढली, फुगा फुगून वर आला. थोरलीने दोन्ही हातांनी तो दाबला, बोटं दुखेपर्यंत. धाकटीने दोरी ओढली. इंजिन सुरू झालं.

त्या पोचल्या तेव्हा पाणी बारक्याच्या छातीवर होतं. ओठ निळे पडले होते.

"वहिनी!" तो ओरडला.

थोरलीचं मन भरून आलं. तेवढ्यात तिला धाकटीचा उतरलेला चेहरा दिसला आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली.

"आंधळा झालास का, मेल्या? इंजिनावर कोण बसलंय बघ! तिने आणलीय बोट!"

धाकटीने इंजिन बंद करून बोटीची दोरी खुंटाला अडकवली. "ताई, तुम्ही ओढा त्यांना. तुमच्या हातात जोर आहे."

थोरलीचे हात आपसूक पुढे झाले. पण बोट अरुंद होती. दोघी एका बाजूला गेल्या तर तिघंही पाण्यात जाणार. एकीने पलीकडच्या काठावर भार द्यायला हवा होता.

"तू ओढ," ती म्हणाली. "मी इकडे वजन धरते."

ती पाठ करून दुसऱ्या काठावर पोटाने रेलली, केस पाण्याला टेकेपर्यंत. मागे बोट करकरून कलली. धाकटीचं कण्हणं ऐकू आलं, मग धपकन आवाज, खोकला आणि हुंदके. मग बारक्याचा बसलेला आवाज, बायकोशी काहीतरी बोलणारा. ते वहिनीने ऐकायचं नव्हतं. वळून त्याला डोळे भरून बघावं, असं तिला फार वाटलं. ती पाण्याकडे बघत तशीच पडून राहिली, आणि त्या दोघांचं बोलणं संपेपर्यंत हलली नाही.