एका गालाचा मेकअप

महागड्या मेकअपच्या काउंटरवर शिवणक्लासच्या बाई भीतभीतच बसल्या. विक्रेती मुलगी म्हणाली, "काकू, फरक कळावा म्हणून आधी डाव्या बाजूलाच लावते. इतकं नैसर्गिक दिसेल, की लावलंय हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मग लावायचं कशाला गं?" बाईंनी विचारलं, तशी ती खुदकन हसली.

मऊ ब्रश गालावरून फिरला आणि बाईंचे डोळे आपसूक मिटले. नवरा गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

तेवढ्यात मॅनेजरने मुलीला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बोलावलं. बाई बराच वेळ थांबल्या. मग ओशाळून तशाच घरी निघाल्या.

लिफ्टमध्ये शेजारीण मोबाइलमधून मान वर न काढता "बरंय ना?" म्हणाली. संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बाईंनी मुद्दाम दिव्याखाली बसून फोन धरला. "आई, जेवून घे हं, मला मीटिंग आहे," म्हणून लेकीने फोन ठेवला. आरशात डावा गाल तजेलदार होता, उजवा नेहमीसारखाच ओढलेला. एवढा फरक दिवसभरात कुणाच्याच नजरेत भरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा त्या दुकानावरून चालल्या होत्या. मुलगी धावत बाहेर आली. "काकू, काल न सांगताच गेलात! उजवी बाजू राहिलीय तुमची. या ना."

बाई आत जाऊन खुर्चीत बसल्या.

"आता रडू नका हं," ब्रश उचलत ती म्हणाली, "नाहीतर लावलेलं सगळं वाहून जाईल."