टेबलाशी बुटकी खुर्ची

मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे, मित्रांनो. सुताराने मला दुसरीच्या वर्गासाठी घडवलं. पण माझं आयुष्य गेलं अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीच्या खोलीत, मोठ्या माणसांच्या मोठ्या टेबलाशी.

मला तिथे आणलं अध्यक्षबाईंनी. त्यांचा एकच नियम होता. अभ्यासक्रमात ज्याला काही घालायचं किंवा काढायचं असेल, त्याने माझ्यावर बसून बोलायचं. भल्याभल्यांचे गुडघे हनुवटीला टेकायचे आणि मला हसू आवरायचं नाही. पण चर्चा सुरू झाली की मी थक्क होऊन ऐकायचे. मूल शिकतं कसं, जगाला माणसं कशी हवीत, शिकायचं तरी कशासाठी! अजून जन्मालाही न आलेल्या मुलांनी काय शिकायचं, ते इथे ठरत होतं. लाकडाच्या अंगावर काटा येत असेल, तर तो माझ्या अंगावर आला.

एकदा गणिताचे गाढे अभ्यासक असलेले एक गुरुजी दुसरीला चौदा नवे धडे लावायला निघाले. त्यासाठी प्रश्नांचा तास जाणार होता. त्या तासाला मुलांनी विचारायचं आणि शिक्षकांनी ऐकायचं. गुरुजी कुरकुरत माझ्यावर बसले आणि वाचता वाचता थांबले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"अहो, इथून टेबलावरचं काहीच दिसत नाही. नुसती कडा दिसते." मग हळूच म्हणाले, "या उंचीवरून काय दिसतं, ते मुलांनी विचारल्याशिवाय आपल्याला कळणार कसं? राहू द्या तो तास."

पुढे बाई निवृत्त झाल्या. चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराशी अडकवून ठेवलं. नियमही बाईंबरोबरच गेला.

परवा पुन्हा तोच तास काढायचं ठरत आलं होतं. "वेळच पुरत नाही हो," हे सगळ्यांचं पालुपद. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात बाईंच्या नियमाबद्दल ऐकून असलेली गणिताची नवी, तरुण तज्ज्ञ उठली आणि मला ओढत टेबलाशी घेऊन गेली. मागे दार धाडकन आपटलं. सगळे दचकले.

ती माझ्यावर बसली. "दुसरीत असताना मी त्या तासाला विचारलं होतं, सगळ्यात मोठा आकडा कोणता? आमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, शोध. मी अजून शोधतेय. म्हणून तर आज इथे आहे."

तास राहिला.

मित्रांनो, तेव्हा जन्मालाही न आलेलं एक मूल माझ्यावर येऊन बसलं होतं! उद्या तुम्ही मोठे व्हाल, लहानांसाठी काही ठरवाल. त्याआधी एकदा त्यांच्या खुर्चीत बसून बघा. फक्त जरा बेताने बसा. माझा मागचा पाय आता डुगडुगतो.