थंड देशांची चलने

तुकड्याच्या कडेला एक गुळगुळीत ठिपका होता. ग्राहकाने फोटो काढताना शेजारी एक नाणे ठेवले होते, त्यामुळे मोजता आले. नाण्याच्या व्यासाशी ताडून पाहिले तर ठिपका सव्वा मिलिमीटरचा. त्याच्याभोवती काच जराशी धुरकट, आणि तिथून बारीक रेषा पंख्यासारख्या बाहेर पसरलेल्या. काच जिथून तुटायला सुरुवात होते तिथे असा आरशासारखा गुळगुळीत ठिपका तयार होतो. बाहेरून ठोकर बसली असती, तर टवका उडालेला दिसला असता, थोडा चुरा तरी दिसला असता. इथे तसे काही नव्हते. ठिपका पृष्ठभागावर नव्हताच. दांडी आणि टोक जिथे जुळतात त्या सांध्याच्या आत होता.

फोटोखाली ग्राहकाने लिहिले होते, 'खोक्याचा एकही कोपरा चेपलेला नाही. बांधणी फार सुंदर. आत टाकाचे दोन तुकडे.'

मी त्याचे पैसे परत केले. मग कुरियर कंपनीच्या नुकसानभरपाईच्या अर्जात कारण निवडले, 'वाहतुकीत नुकसान'. हा त्या हंगामातला अकरावा अर्ज होता.

आमचे दुकान फक्त इंटरनेटवर आहे. दादा काचेचे टाक बनवतो, दौतीत बुडवून लिहायचे, टोकाला आठ पन्हळी असलेले. मागच्या खोलीत त्याची शेगडी आणि भट्टी. पुढच्या खोलीत वहिनीचे लांब टेबल, वजनकाटा, कापसाच्या वळकट्या. वहिनी सहा वर्षे टाक बांधते आहे. उरलेले सगळे माझ्याकडे: कुठल्या देशाला किंमत कुठल्या चलनात दाखवायची, कार्डाचे पैसे कधी जमा होतात, कस्टमची ड्यूटी आपण आधी भरायची की ग्राहकाने दारात. पूर्वी मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. दादा मला मोजपट्टी म्हणतो.

परतावा ग्राहकाच्या चलनात द्यावा लागतो, आणि तो त्या दिवशीच्या दराने. हे दादाला कधीही पटले नाही.

"एक टाक विकला, एक टाक फुटला. घेतले तेवढे दिले. मग वरचे गेले कुठे?"

"मधल्या काळात त्यांचं चलन वधारलं."

"म्हणजे टाक फोडायचा आपला, आणि वर त्यांचं चलन वधारलं म्हणून पेढे पण आपणच वाटायचे?"

"साधारण तसंच."

"शिकलेल्या माणसांनी काय काय शोधून ठेवलंय," म्हणून तो मागच्या खोलीत गेला.

फुटण्याचे खापर पहिल्यापासून वहिनीच्या माथी होते. दादाचा युक्तिवाद सरळ होता. त्याच्या हातातून टाक निघतो तो अखंड, पोचतो तो तुकड्यांत, आणि मधे वहिनी आहे.

"मधे मी एकटीच आहे का?" वहिनी म्हणायची. "विमान आहे, गोदामं आहेत, त्यांचे ते सरकते पट्टे आहेत."

"विमान काय हातोडा घेऊन बसतं?"

"आणि मी बसते?"

तिने कापसाचा एक थर वाढवला. मग पुठ्ठ्याची नळी जाड घेतली. मग नळीच्या दोन्ही टोकांना बुचे. चारशे ऐंशी ग्रॅमचे खोके पाचशे चाळीसचे झाले आणि अर्ध्या किलोची मर्यादा ओलांडली, म्हणजे पाठवणीचा खर्च एकदम वरच्या पायरीवर गेला. "आपण आता टाक नाही, कापूस निर्यात करतो," दादा म्हणाला. रोज चार वाजता खोकी न्यायला येणाऱ्या कुरियरवाल्यालाही तिने सोडले नाही. तो बिचारा खोके तान्ह्या बाळासारखे दोन्ही हातांवर घ्यायला लागला.

"वहिनी, खड्डा दिसला की मी आता खाली उतरून गाडी ढकलतो. अजून काय करू?"

"पुढच्यांना पण तसंच सांगा."

"विमानाच्या पायलटला? सांगतो की. रोजचीच ऊठबस आहे आमची."

ती हसली, पण त्या दिवशीही एक परतावा आला होता.

अकराव्या फोटोनंतर मी सगळे परतावे एका तक्त्यात घातले. बांधण्याच्या तारखेप्रमाणे लावून पाहिले, काही निघाले नाही. खोक्याच्या वजनाप्रमाणे लावले. जाड कापूस आणि पातळ कापूस, प्रमाण तेच. हे वहिनीला तेव्हाच सांगता आले असते. अंतराप्रमाणे लावले, तरी काही नाही. मग कार्डाचे पैसे जमा करणाऱ्या कंपनीकडून हंगामाचा अहवाल आला. तो नेहमी चलनाप्रमाणे लावलेला असतो, आणि तिथे ते समोर आले. उत्तर युरोपातल्या क्रोनरमध्ये अडतीस टाक गेले होते, सात फुटले. युरोमध्ये एकसष्टांपैकी दोन. डॉलरमध्ये सत्तरांपैकी दोन, आणि ते दोन्ही पत्ते अगदी उत्तरेकडचे, जिथे तेव्हा बर्फ होते. दिरहममध्ये बावन्न गेले, एकही फुटला नाही. कुरियर एकच, खोके एकच, बांधणारे हात तेच. टाक थंड देशांच्या चलनांत फुटत होते.

काच तापवून घडवली की ती हळूहळू निववावी लागते. घाईने निवली तर बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला मागाहून, आणि दोघांची ओढाताण काचेत कायमची राहून जाते. दिसत काहीच नाही. टाक चकाकतो, लिहितो. मग एखाद्या दिवशी उबदार गोदामातून बर्फातल्या पायरीवर जाऊन पडतो, आणि ती ओढाताण सुटते.

खात्री करायला पाच मिनिटे पुरली. संगणकाचा पडदा कोरा पांढरा ठेवला आणि दादाचा गाडी चालवायचा पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवत गेले. एका ठरावीक कोनात पडदा काळा होतो, आणि मधे धरलेल्या काचेत ओढाताण असेल तर ती तेवढी उजळते. त्या काळ्या पडद्यासमोर गेल्या वर्षीचा टाक धरला, तोही काळाच राहिला. या हंगामातला धरला, तर सांध्यापाशी पांढुरका पट्टा उजळला. आठ टाक पाहिले. आठही टाकांत होता.

आधी भट्टी दहा तास निवत असे, दिवसाला एक खेप. हंगामाच्या सुरुवातीला मी दुकानाच्या पानावर लिहिले होते, 'तीन दिवसांत रवाना'. तसे लिहिणारी दुकाने शोधात वर दिसतात. मीच दादाला विचारले होते, दिवसाला दोन खेपा निघतील का. तो म्हणाला होता, "काढू की." कशा, हे मी विचारले नाही. भट्टी साडेचार तासांत उघडू लागली. तो काही लपवत नव्हता. दोन खेपा म्हणजे काय, हे त्याला आणि मला दोघांनाही कळायला हवे होते, आणि मला तर जास्त.

करायचे काय, तेही त्याच दिवशी स्पष्ट होते. विक्री थांबवायची, आणि गेलेले सगळे टाक परत मागवायचे. न फुटलेलेसुद्धा, कारण ते एखाद्याच्या बोटांत फुटणार. मी मनाशी म्हटले, नमुना लहान आहे, थोडी आणखी आकडेवारी जमू दे. मग म्हटले, दादाला भट्टी पुन्हा सावकाश करायला सांगू, बाकीचे नंतर. तेही सांगितले नाही. पाच आठवडे गेले. त्यात आणखी चार टाक फुटले. चारही वेळा मी कुरियरच्या अर्जात 'वाहतुकीत नुकसान' निवडले. अकरावा अर्ज शंका असताना भरला होता. हे चार माहीत असताना भरले.

दादाने त्या काळात एक गोदामवाला शोधून काढला. माल त्याच्याकडे ठेवायचा, बांधणे, पाठवणे, कस्टमची कागदपत्रे सगळे तो करणार. सोमवारी अकरा वाजता करारावर सही.

"मग मी काय करू?" वहिनीने विचारले.

"आराम कर. सहा वर्षं राबलीस ना?"

"माझ्या हातून फुटतात म्हणून सांग की सरळ."

वहिनीने चिकटपट्टीच्या यंत्राचे पाते काढले, फडक्याने पुसले, परत बसवले. मग माझ्याकडे पाहिले. मी दिरहमचा दर तपासत होते. तो तपासण्याची काही गरज नव्हती.

गोदामवाला सोमवारी अकराला पाच मिनिटे कमी असतानाच आला. चटपटीत माणूस होता. त्याने वहिनीला एक टाक बांधून दाखवायला सांगितले, आपल्या माणसांना शिकवायला म्हणून. तिने बांधला. कापूस, नळी, बुचे, पुन्हा कापूस. त्याने खोके कमरेइतक्या उंचीवर नेले आणि सोडून दिले. दादा अर्धवट उठला. खोके उघडले, टाक धड होता. त्याने खांद्याच्या उंचीवरून सोडले. धड.

"वहिनी, तुम्हीच या आमच्याकडे नोकरीला," तो म्हणाला. "हे फुटतं तरी कसं?"

"ह्यांना विचारा," वहिनी दादाकडे न बघता म्हणाली.

गोदामवाल्याने कागद पुढे केले. दादाने तीन ठिकाणी सही केली. चौथा कागद माझ्यासाठी होता.

"ताई, हे फक्त मालाबद्दल. वस्तूत मुळात दोष नाही, एवढं तुम्ही लिहून द्यायचं. म्हणजे पुढे काही फुटलं तर जबाबदारी आमच्या बांधणीची. आमच्या माणसाच्या पगारातून कापतो मी, चोख व्यवहार."

मी कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला. चार ओळी होत्या.

"हे मी लिहून देऊ शकत नाही," मी म्हणाले.

"मोजपट्टी, आता काय?" दादा म्हणाला. "चार ओळी आहेत. अकरा वाजून गेले."

"वस्तूत दोष आहे."

गोदामवाला समंजस निघाला. त्याने कागद गोळा केले, "तुमचं ठरलं की फोन करा," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मी संगणकाचा पडदा पांढरा केला, गॉगल शोधला आणि आधी वहिनीच्या हातात दिला. कसा फिरवायचा ते सांगितले. जुना टाक पडद्यासमोर धरला, मग नवा.

"अगंबाई," ती म्हणाली. "आत काहीतरी चमकतंय."

दादाने गॉगल तिच्याकडून घेतला. बराच वेळ पाहिले. मग स्वतः मागच्या खोलीत जाऊन सकाळच्या खेपेतले पाच टाक घेऊन आला आणि एकेक धरून पाहिला. पाचवा पाहून झाल्यावर गॉगल टेबलावर ठेवला.

"निववण कमी पडली."

"हो."

"दोन खेपांमुळे."

"हो. दोन खेपा मी मागितल्या होत्या."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पाच आठवडे."

रस्त्यावर कोणीतरी शटर उघडले. वहिनीने माझ्याकडे पाहिले, रागाने नाही. एखादा आकडा जुळत नसला की मी पाहते तसे.

"पाच आठवडे मी कापूस वाढवतेय," ती म्हणाली. "कुरियरवाल्याला नाही नाही ते बोलले. तू इथेच बसलेली होतीस."

"हो."

"तोंड शिवलं होतं का?"

दादा टेबलाच्या कडेवर टेकला. त्याच्या अंगठ्याला भाजल्याचा जुना डाग आहे, तो चोळत राहिला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "भट्टी आजपासून दहा तास. एकच खेप. वहिनी बांधेल, गोदाम वगैरे काही नको. चुकलं माझं, तिला मी नको ते बोललो." मग जरा थांबून, "गेलेले गेले. त्यातले सगळे थोडेच फुटणार? फुटतील त्यांचे देऊ परत. एकेक करून. गाजावाजा नको. हळूहळू निस्तरेल."

तो मनाचा वाईट नाही. पाच आठवडे मीही स्वतःला हेच सांगत होते, शब्द थोडे वेगळे होते इतकेच.

"अगं बोल," वहिनी म्हणाली. "निदान आता तरी बोल."

"दुकान आजपासून बंद," मी म्हणाले. "तीनशे अठरा टाक गेलेत. ते घेणाऱ्या प्रत्येकाला मी आज लिहिणार आहे की तो वापरू नका, तुमच्या हातात फुटेल, आणि दोष आमचा आहे. सगळ्यांचे पैसे परत, ज्याचे त्याच्या चलनात, आजच्या दराने. आणि कुरियरकडून मी खोटं सांगून घेतलेली भरपाई मी परत करणार आहे, आणि खोटं सांगितलं होतं, हेही त्यांना लिहिणार आहे."