वंदनाचा मोतीबिंदू

वंदनानं आरसा मागितला आणि कल्याण म्हणाला, "सापडंना." तेव्हाच तिच्या ध्यानात आलं, तोंडाचं काहीतरी भलतंच झालंय. तिनं मोबाइलचा कॅमेरा स्वतःकडे फिरवला. वरच्या पापण्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या, त्यांवर काळ्या दोऱ्याचे टाके, आणि जांभळा रंग उतरत उतरत पार गालापर्यंत आलेला. डावा डोळा अर्धवट मिटलेला.

"ह्याच्यासाठी गेल्ते का मी संभाजीनगरला?"

तिथल्या डॉक्टरणीनं सगळं फोडून सांगितलं होतं. पापणीची लोंबलेली कातडी काढायची, टाके घडीतच घालायचे, म्हणजे व्रण झाकला जातो. सूज आधी वाढणार, मग उतरणार. दोन्ही डोळे लगेच सारखे दिसणार नाहीत. भुवयाही खाली आल्यात तुमच्या. त्या न उचलता नुसत्या पापण्या केल्या तर फरक पडेल, पण विशीतले डोळे मिळणार नाहीत. वंदनानं प्रत्येक वाक्याला मान डोलावली होती. तिला त्यातलं 'फरक पडेल' एवढंच ऐकू आलं होतं.

कुंभार पिंपळगावात तिचं साड्यांचं दुकान. पन्नाशी यायच्या आतच पापण्यांनी अंग टाकलं, आणि तेव्हापासून गिऱ्हाईक साडीच्या आधी तिच्या तोंडाकडं बघायचं. "झोप न्हाई झाली का, ताई?" "घरात काही झालं का?" चहा पिऊन चांगली मजेत बसलेली बाई, आणि लोक तिची समजूत घालून जायचे. या समजुतीचाच तिला वीट आला होता.

गावात काय सांगायचं, हे मात्र कल्याणनं परस्पर ठरवून टाकलं. "मोतीबिंदू," त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं. घरी म्हणाला, "बायको पापण्या कापून आली म्हणून सांगू का चारचौघांत?"

मोतीबिंदू म्हटल्यावर भेटायला माणसं येणारच. न येणं म्हणजे वैर. बिस्किटाचे पुडे आले, केळी आली, आणि प्रत्येकीबरोबर एकेक सल्ला आला. डॉक्टरणीनं डोकं उंच ठेवायला सांगितलेलं, तर एकीनं मागची उशीच काढून घेतली. "सपाट झोप गं, डोळ्याला ताण पडतो." दुसरीनं बर्फाची पिशवी हिसकावली, "थंडी भरंल डोळ्यात!" तिसरी तर वाटीत गाईचं तूप घेऊनच आली होती. वंदनाला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडताना कपाळाला आठ्या पडतात आणि टाके ओढतात.

या गर्दीत भिंतीला टेकून सासू बसलेली, सोनूबाई. तिचा मोतीबिंदू खरा, दोन्ही डोळ्यांत. पायरी चुकून ती दोनदा पडता पडता वाचली होती. किती मिनत्या केल्यावर ऑपरेशनला तयार झालेली. सोमवारच्या शिबिरात नाव लागलेलं.

शेजारच्या दुर्गाबाईनं वंदनाकडं वाकून बघितलं. "माय माय! मोतीबिंदूनं असं होतं का? आमची जाऊ तर दुसऱ्या दिवशी चालती-फिरती व्हती."

"ज्याचं त्याचं अंग," कल्याण म्हणाला.

"कल्याण," सोनूबाई बोलली, "माझं नाव काढून ये."

"आई, पर..."

"पर न् बिर काय न्हाई. एवढी धडधाकट बाई, तिचं तोंड वांग्यावानी झालं. मी तर जाईन मरून. हाय तेवढी नजर बास मला."

"आत्याबाई, तुमचं असं न्हाई व्हणार," वंदना म्हणाली.

"का? मी काय येगळी हाय?"

वंदनानं कल्याणकडं बघितलं. तो पंख्याकडं बघत होता. आता हा बोलणार नाही, आणि म्हातारी पुन्हा तयार होणार नाही. एक दिवस त्या पायरीवरून ती खरंच पडेल.

"मला मोतीबिंदू न्हाई, आत्याबाई. माझ्या पापण्या लोंबल्या व्हत्या, त्या कापून घेतल्या."

"डोळ्याच्या आड येत व्हत्या का?"

इथं अजून एक पळवाट होती. पण तिला आता पळवाटांचाही कंटाळा आला होता. "न्हाई. नजर बराबर हाय माझी. तोंड बरं वाटावं म्हणून केलं. हौस म्हणा."

मग दुर्गाबाईनं आपला बिस्किटाचा पुडा उचलून पिशवीत टाकला. "आम्ही जीव टाकून भेटायला आलो, आन् हिची हौस!" ती उठली, तशा बाकीच्याही उठल्या. तूप तेवढं राहिलं.

सोनूबाईनं सुनेला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं. "तोंड बरं झालं का मंग?"

"काय की. सूज उतरल्याबिगर कळत न्हाई. नीट दिसायला महिने लागतेत म्हणं."

"मला तर निळं-काळं एवढंच दिसून राह्यलंय." म्हातारी तरी हनुवटी सोडेना. "म्हंजी हे मोतीबिंदूचं न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"मंग सोमवारी तू चल संग."

"ह्या तोंडानं?"

"मला कुठं दिसतंय तुझं तोंड."

"आई, शिबिरात सगळा तालुका असतो," कल्याण मध्येच म्हणाला. "हिला बघून लोक काय म्हणतील?"

वंदनानं त्याच्याकडं बघितलं, जितका उघडत होता तितक्या डोळ्यानं. "मी चालले आत्याबाईसंग. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. तुम्हाला लई सुचतं."