कुरतडलेले पदर

आईचा ससा बाबांना कधी आवडला नाही. ‘पांढरा उंदीर’ म्हणायचे ते त्याला. आई गेली त्यानंतरच्या महिन्यात गोलूने आधी मिक्सरची वायर तोडली, मग सोफ्याचा पाय कुरतडला, मग दाराची चौकट. मागचे पाय फरशीवर असे आपटायचा, की खालच्या मजल्यावरचे गोपाळराव वर येऊन विचारून गेले, “रोज मसाला कुटून राहिले का तुम्ही?”

कुठल्याही संकटात मी वाचायला बसते, तशी बसले. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. चावायला दिलं नाही, तर सापडेल ते चावतो. भ्याला किंवा एखादी गोष्ट नको असली, की पाय आपटतो. मी वायरी प्लास्टिकच्या पट्ट्यांत बसवल्या. पिंजऱ्यात वाळलेलं गवत भरलं, कुरतडायला बांबूचा तुकडा ठेवला, उकरायला पोतं दिलं, खाली जाड सतरंजी घातली. संध्याकाळी मी घरी आले, की त्याला हॉलमध्ये मोकळा सोडायचे. हळूहळू गोलू निवळला. चौकटीकडे तर तो पुन्हा फिरकलाही नाही.

आईच्या साड्या मात्र कुरतडल्या जातच होत्या.

आमच्याकडे सवाष्ण गेलेल्या बाईच्या साड्या वर्षश्राद्धाआधी नात्यातल्या बायकांना वाटतात. वाटपाचा मान बाबांच्या मोठ्या बहिणीचा, नरखेडच्या यमुआत्याचा. साडी धड हवी. भोक पडलेलं कापड अशा वेळी कुणाच्या ओटीत घालत नाहीत. आत्याचा फोन आला तेव्हा चार साड्या बाद झाल्या होत्या.

“त्या सशाले घरात ठेवून काय करून राहिली वं तू? रविवारी येतेच मी, टोपली घेऊन. बगीच्यात सोडून देऊ त्याले.”

“बगीच्यात तुझी दोन कुत्री आहेत, आत्या.”

“मंग? कुत्र्यायनं काय संन्यास घ्यावा?”

बाबा समोर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

आजारपणात आईच्या पायाशी गोलू झोपायचा. त्याला कुत्र्यांपुढे टाकायला मी तयार नव्हते. आणि मला बाबांचा संशय येऊ लागला होता. पहिली साडी, जांभळी, पलंगावर पडली होती. ती गोलूने खाल्ली असेल. पण बाकीच्या लोखंडी कपाटात होत्या, आणि कपाटाची किल्ली बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. ससा कितीही हुशार असला तरी वरच्या कप्प्यातली इरकल काढून, फक्त पदर कुरतडून, ती पुन्हा घडी घालून ठेवत नाही.

“बाबा, कपाट उघडं राहतं का?” जेवताना मी विचारलं.

“नाही.”

“मग गोलू आत जातो कसा?”

“त्यालाच विचार,” म्हणाले, आणि ताक मागितलं.

गुरुवारी मी कॉलेजमधून दुपारीच निघाले. मनीषनगरच्या आमच्या जिन्यात शिरले तोच वरून आवाज आला. धप्. धप्. गोपाळराव दारातच उभे होते. “चालू झालं तुमचं कांडप,” म्हणाले. मी माझ्या किल्लीने हलकेच दार उघडलं.

आईच्या खोलीत बाबा पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसले होते. गडद निळ्या साडीचा पदर त्यांनी जाळीतून आत सारला होता.

“खा ना बे,” ते हळू आवाजात म्हणत होते. “कोपराच खा. एवढा शहाणा कधीपासून झाला तू?”

गोलूच्या तोंडात गवत होतं. त्याने पाठ फिरवली आणि पाय आपटला.

मी तशीच बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले. म्हणजे हे होतं तर. ससा घरात नको हे तोंडाने सांगवत नाही, म्हणून त्याच्यावर आळ रचायचा, आणि हाकलायचं काम बहिणीकडून करून घ्यायचं. रविवारपर्यंत मी बाबांवर फक्त नजर ठेवली.

आत्या टोपली घेऊन आली. चहासुद्धा न घेता तिने साड्या जमिनीवर मांडल्या, चष्मा लावला आणि एकेक पदर हातात घेऊन पाहू लागली.

“हा खाल्ला. हाही खाल्ला.” निळी साडी आली तेव्हा ती थांबली. पदराच्या कडेवरून तिने बोट फिरवलं. “अन् हा असा सरळ? विश्वनाथ, सशाले कात्री कोणं देल्ली गा?”

बाबा पिंजऱ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे. ते गप्प राहिले, की गोलू टोपलीत जाणार होता.

“मीच कापला,” ते म्हणाले. “तो खाईना. हिच्या गवतानं पोट भरते त्याचं.”

“पण काहून?”

“भोकाची साडी कोणी नेत नाही म्हणून.”

आत्याने चष्मा काढला. माझ्या डोक्यात रचलेलं सगळं एका क्षणात चुकीचं ठरलं. पण सुटल्यासारखं वाटलं नाही.

“देत नाही, असं सरळ सांगायचं होतं,” आत्या म्हणाली.

“ऐकलं असतं तू?”

“नसतं. अजूनही ऐकत नाही. ती जांभळी मले पाहिजे होती.”

“तिचा पदर तर त्यानं खरंच खाल्ला.”

“ते दिसून राहिलं मले.” तिने जांभळी मांडीवर घेतली, खाल्लेला भाग आत येईल अशी दुमडली आणि बाबांच्या हातात दिली. बाकीच्या साड्यांना तिने हात लावला नाही. टोपली बाहेर चपलांपाशी नेऊन ठेवली आणि मग म्हणाली, “आता चहा टाक वं.”

चहा पिऊन आत्या बस पकडायला गेली. बाबा पलंगावर साड्यांच्या घड्या घालत बसले.

“बाबा, आत्याच्या लक्षात आलं नसतं तर? गोलूला जाऊ दिलं असतं तुम्ही?”

त्यांनी एक घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

खोटं बोलले असते तरी चाललं असतं. मी पिंजरा उचलला. तो जड होता, दारात अडकत होता. बाबा उठले, पडदा बाजूला धरून उभे राहिले, आणि मी गोलूला माझ्या खोलीत घेऊन गेले.