बगळ्यापुढची जागा

"सातवी झाली, पुरं झालं!" मासळीची पाटी लेकीपुढं सरकवत गॅब्रिएल म्हणाला. "आता आयसंग बाजारात जायचं. पोरीच्या जातीला हायस्कूल कशाला?"

वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी कोणाच्या घरात ऐकू आलेलं नाही?

रोझलीनचा चेहरा उतरला. तेव्हा मुंबईच्या इस्पितळात नर्स असलेली लुईझा आत्या सुट्टीवर माहेरी, पाचूबंदरच्या कोळीवाड्यात आली होती. तिनं आपला डबा कॅमेरा भाचीच्या हाती दिला. "रोलात एकच फोटो उरलाय. उडता बगळा टिपून दाखव!"

ओहोटीच्या चिखलात बगळा उभा होता. "दगड मार, उडंल!" होडीतून बानं टोमणा मारला.

"दगडानं पाठ फिरवून पळंल, बा! नुसती शेपटी येईल."

वारा दर्याकडून होता. बगळा वाऱ्याच्या तोंडावर झेपावतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं कॅमेऱ्याच्या चौकटीत दर्याच्या बाजूचं मोकळं पाणी धरलं आणि श्वास रोखला. बगळा उठला! त्याच्यासंगे कॅमेरा वळवत तिनं खटका दाबला.

शाळा उघडायच्या आत आत्या मुंबईहून फोटो धुऊन घेऊन आली. डाव्या कडेला पंख पसरलेला बगळा, पुढं नुसतं चमचमतं पाणी.

गॅब्रिएल हसला. "अर्धा कागद रिकामाच! फुकट गेला."

"दादा, होडीच्या पुढ्यात पानी नसंल तर होडी जाईल कुठं?" आत्यानं विचारलं.

"रेतीत रुतंल की!"

"मग बगळ्याला नको पुढं जागा? पोरीनं ती आधीच हेरून ठेवली. पाखराला जागा देनारी ही पोर, आनि तिच्यापुढं तू पाटी आडवी टाकतोस?"

 फोटो गॅब्रिएलनं उजेडात धरला, पुन्हा धरला. मग फोटोवरची नजर न हलवताच म्हणाला, "पाय तर बघ याचे, अजून पानी गळतंय! माझ्या पोरीनं काढला हा?"

शाळा उघडली त्या सकाळी कोळीवाड्यानं नवल पाहिलं. बाजाराची पाटी चक्क गॅब्रिएलच्या डोक्यावर! बायका तोंडाला पदर लावून हसल्या, "काय रं, कोळीण झालास?"

"हसा, हसा!" तो गरजला. "माझी रोझलीन हायस्कुलात चाललीय!"

बंधुभगिनींनो, उडणाऱ्यापुढं जागा मोकळी ठेवा. मुलीला पंख आपण देत नाही, ते तिचे तिला असतातच. आपण फक्त आडवं येऊ नये!