अर्धी पुढची, अर्धी मागची

त्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. गाडीच्या कागदांवरचा पत्ता बघून संगीत शिकवणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं, "तुमची गाडी आम्ही घेतली. सरळ रस्त्यावरही ती डावीकडे ओढते. तिला कधी अपघात झाला होता का? विकणारे नाही म्हणतात, पण तुमचा शब्द मला पुरे. माझी मुलगी रोज तीच चालवते."

माझी गाडी. मला सायकलही धड येत नाही.

विमा कंपन्यांनी टोटल लॉस म्हणून निकालात काढलेल्या गाड्या जावई लिलावात घेतात, नीट करतात आणि विकतात. विकण्याआधी कागद माझ्या नावावर करतात. निवृत्त ग्रंथपालाची गाडी म्हटलं की गिऱ्हाईक फार खोलात जात नाही. मीही गेलो नव्हतो. त्यांच्याच घरात राहतो. विचारायची भीड वाटे.

शेवटी पत्र घेऊन गॅरेजात गेलो.

"या, सासरेबुवा. आज पुस्तकांना सुट्टी?" जावयांनी पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"ओढणारच," वेल्डर म्हणाला. "दोन घरची माणसं. सूर जुळायला वेळ लागतो." दोघं हसले.

मला काही कळलं नाही. तेव्हा जावयांनी शेजारच्या गाडीची सीट काढून खालचा गालिचा उचलला. या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगचा जाड वळ उठला होता. पुढून ठोकलेल्या गाडीचं मागचं अंग, मागून चेपलेल्या गाडीचं पुढचं.

"त्या बाईंचीही अशीच?"

"सगळ्या काही अशा नसतात. ती होती."

"पुन्हा ठोकली तर?"

"ठोकू नये," जावई म्हणाले. "ही पण तुमच्याच नावावर घेतोय. संध्याकाळी सही द्या."

घरी लेक कपडे वाळत घालत होती. "बाबा, उत्तर देऊ नका. ह्यांचा धंदा बसेल."

"त्या बाईंची मुलगी चालवते गं ती."

"आणि मी कोणाची मुलगी?"

आयुष्यभर एवढं वाचलं, त्यातलं एक वाक्य ऐन वेळी कामी आलं नाही. तिने उरलेले चिमटे लावले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिहायचंच असेल तर पुस्तकंही बांधून ठेवा."

संध्याकाळी जावयांनी कागद पुढे केले. चष्मा सापडत नाही, म्हणालो. तो नाकावरच होता. त्यांनी तो पाहिला, कागद उचलले आणि गेले.

मग लिहिलं: "बाई, ती गाडी माझी कधीच नव्हती. ती एक गाडीही नाही. पुढच्या सीटखालचा गालिचा उचलून बघा. तोवर मुलीला तीत बसू देऊ नका. विचारतील तिथे मी हे सांगेन."

पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना हात थांबला. बाईंचं उत्तर येईपर्यंत मी या घरात असेन असं वाटेना. माझ्या जुन्या वाचनालयाचा पत्ता घातला आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं.